‘मूठभर जन्मली म्हणून थायरॉइड’ : जुळ्या बहिणींचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाला चिकटलेल्या एका गावातल्या या जुळ्या बहिणी. वय ३१. वीस मिनिटांच्या अंतरावरून एक थोरली झाली, दुसरी धाकटी. थोरलीला बेळगाव शहराजवळ दिलं आहे, धाकटीला हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

धाकटीला २९व्या वर्षी थकवा, थंडी सोसवेना, पाळीत अंगावर जास्त जाणं आणि घोगरा आवाज अशा तक्रारी सुरू झाल्या. तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा मेंदूकडचा इशारा, ३८ आला (ग्रंथी मंदावली की हा आकडा चढतो). फ्री टी४, म्हणजे ग्रंथीचं रक्तातलं हार्मोन, ०.६ होता (त्या प्रयोगशाळेची मर्यादा ०.८ ते १.८) आणि थायरॉइडविरोधी अँटी-टीपीओ प्रतिपिंडं ६४० (वरची मर्यादा ३४). निदान सरळ होतं : हाशिमोटो, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेनेच थायरॉइड ग्रंथीवर केलेला हल्ला. अशा वेळी थायरॉइड-हार्मोनच्या गोळीची (लिव्होथायरॉक्सिन, थोडक्यात थायरॉक्सिन) पूर्ण मात्रा किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ५२ किलो वजनाला ती ८३ च्या आसपास येते. तिला लिव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम सुरू झालं आणि आठ आठवड्यांनी टीएसएच २.१ वर आला.

निदानाच्या दिवशी सोबत आलेल्या आईने कारण सांगून टाकलं : “ही जन्मली तेव्हा मूठभर होती, दीड किलोची. थोरली चांगली होती. तेव्हाचंच हे दुखणं.” डॉक्टरांनी मान डोलावली आणि केस-पेपरवर लिहिलं, ‘जन्मवजन कमी’. पुढची दोन वर्षं हे दोन शब्द कागदासोबत फिरले.

अडचण

धाकटी गरोदर राहिली आणि ३६ आठवडे ४ दिवसांना बाळंत झाली. शेवटच्या पंधरवड्यात रक्तदाब वाढला होता. मुलगी झाली, वजन २ किलो ५० ग्रॅम. घरात जुनंच वाक्य नव्याने निघालं. आईसारखीच लेक मूठभर, म्हणजे हिलाही थायरॉइड होणार. बाळाच्या वडिलांनी डॉक्टरांपुढे तीन प्रश्न ठेवले. बाळाची अँटी-टीपीओ तपासणी आत्ताच करायची का? दरवर्षी करायची का? आणि थोरलीचं वजन जन्मतः बरं होतं, तर ती सुटली असं समजायचं का?

प्रश्न बाळाच्या वडिलांचे असले तरी तिन्हींच्या मुळाशी आजीचं, म्हणजे जुळ्यांच्या आईचं, वाक्य होतं. म्हणून आधी ते वाक्य तपासायचं ठरलं.

वजनाचा कागद

जन्मवजनाबद्दल घरची आठवण आणि नोंद यांत फरक पडतो. आठवणीत आजारी पडलेल्या मुलाचं जन्मवजन वर्षागणिक घटत जातं आणि धडधाकट मुलाचं वाढत जातं. मागच्या काळाबद्दल विचारून केलेल्या अभ्यासांत हाच दोष शिरतो. इथे माळ्यावरच्या ट्रंकेत, शाळेच्या दाखल्यांच्या पिशवीत, बाळंतपणाचा जुना कागद सापडला. थोरली २ किलो ४०० ग्रॅम, धाकटी १ किलो ९०० ग्रॅम. म्हणजे दीड किलो नव्हतंच. ‘चांगली’ म्हणवली जाणारी थोरलीही २५०० ग्रॅमच्या खाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे कमी वजनाचीच.

कागदावर दोन गोष्टी नव्हत्या. किती दिवस भरले होते ते नव्हतं, आणि वार एक होती की दोन तेही नव्हतं. दिवस कमी भरल्यामुळे वजन कमी असणं वेगळं आणि दिवस भरूनही पोटात वाढ खुंटणं वेगळं. त्यात जुळ्यांचं वजन एकट्या बाळापेक्षा कमी असणं हे बहुतेक वेळा जागेचं आणि दिवसांचं गणित असतं. वारेची नोंद नसल्याने दोघी एकाच बीजाच्या का हेही ठरेना. डीएनए तपासणीचा विषय निघाला आणि लगेच सोडून दिला, कारण उत्तर काहीही आलं तरी गोळीत किंवा तपासणीत बदल होणार नव्हता. हा निर्णय बरोबर होता. ज्या तपासणीने पुढचं पाऊल बदलत नाही, तिचे पैसे तालुक्याच्या गावातून शहरात दोनदा येण्याच्या भाड्यावर खर्चलेले बरे.

पुरावा काय सांगतो

आजीच्या बोलण्याला शास्त्रात अगदीच आधार नाही असं नाही. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून सुइणी आणि आरोग्यसेविकांनी बाळांची वजनं वहीत लिहून ठेवली होती. त्या वह्यांवरून डेव्हिड बार्कर आणि सहकाऱ्यांनी जन्मवजन आणि पुढचे आजार यांचा माग काढला. त्याच परगण्यातल्या वयस्क बायकांमध्ये, जन्मतः वजन कमी असलेल्यांत थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं जास्त आढळल्याचं १९९०च्या दशकात प्रसिद्ध झालं. २००२ मध्ये ब्रिटिश जुळ्यांच्या अभ्यासात, एकाच बीजाच्या जोड्यांपैकी कमी वजनाच्या जुळ्यात टीपीओ प्रतिपिंडांची पातळी जास्त दिसली. फिनलंडमध्ये १९३४ ते १९४४ दरम्यान हेलसिंकीत जन्मलेल्या बायकांतही, जन्मतः आणि बालपणी लहान चणीच्या असलेल्यांना पुढे थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण अधिक होतं. गर्भात पोषण कमी पडलं की थायमस ग्रंथीची वाढ आणि तिथे होणारी पांढऱ्या पेशींची ‘आपलं-परकं’ ही शिकवणी अपुरी राहते, असा यामागचा तर्क.

डेन्मार्कच्या जुळ्यांच्या नोंदवहीने मात्र या तर्काला खीळ घातली. तिथे २००६ मध्ये जन्मवजन आणि थायरॉइड प्रतिपिंडं यांच्यात संबंध सापडला नाही. उघड थायरॉइड आजाराबाबतही त्याच गटाचा आधीचा निष्कर्ष नकाराचाच होता. डेन्मार्कच्याच जुळ्यांवरून असंही दिसलं, की प्रतिपिंडं तयार होण्यात मोठा वाटा अनुवंशाचा आहे. स्वीडनच्या नोंदींत तरुणपणी थायरॉक्सिन लागण्याचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या जन्माशी दिसला. तिथे वजनापेक्षा दिवस बोलले.

यातून दवाखान्यात वापरता येईल असं एवढंच उरतं : संबंध असलाच तर क्षीण आहे, आणि एका माणसाबद्दल भाकीत करण्याच्या लायकीचा नाही. बाईमाणूस असणं, आईला किंवा बहिणीला थायरॉइड असणं, टाइप १ मधुमेह किंवा कोड असणं, याला त्याहून कितीतरी जास्त वजन आहे.

उलट दिशेचा बाण जास्त पक्का आहे. गरोदर आईचा थायरॉइड मंद असून उपचार झाले नाहीत, तर बाळाचं वजन कमी भरण्याचा आणि दिवस अपुरे राहण्याचा धोका वाढतो. या घरात बाण त्या बाजूने कुणी पाहिलाच नव्हता. पुढे त्याचं महत्त्व कळलं.

निर्णयाचा पहिला टप्पा : सातव्या महिन्यातली अदलाबदल

बाळाच्या प्रश्नाआधी गरोदरपणात काय झालं ते पाहायला हवं, कारण प्रत्यक्ष चूक तिथे झाली.

सातव्या आठवड्यात टीएसएच ४.९ आला. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाने वाढते. दिवस गेल्याचं कळताच आठवड्यात दोन गोळ्या जास्त घ्यायच्या, ही सोपी रीत. इथे ७५ ची १०० केली. दर चार आठवड्यांनी तपासणी झाली आणि टीएसएच २ च्या आसपास राहिला. लक्ष्य २.५ च्या आत होतं. विसाव्या आठवड्यापर्यंत सगळं नीट चाललं.

डोहाळजेवण झालं आणि धाकटी माहेरी आली. चंदगडचं माता-बाल संरक्षण कार्ड सासरी राहिलं. खानापुरात नवं तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदरपणाचं कार्ड) झालं. त्यात ‘थायरॉइडची गोळी चालू’ एवढीच नोंद होती. मात्रा नाही, वेळ नाही, शेवटच्या टीएसएचची तारीख नाही. उपकेंद्रातून लोहाच्या (६० मिलिग्रॅम) आणि कॅल्शियमच्या (५०० मिलिग्रॅम, दिवसाला दोन) गोळ्या मिळाल्या. माहेरची माया अशी की सकाळी सगळ्या गोळ्या एका वाटीत घालून दुधाच्या चहाबरोबर हातात. एकही गोळी चुकली नाही, आणि ३१व्या आठवड्यात टीएसएच ७.६.

लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात, ते रक्तात उतरत नाही. दूध आणि चहानेही शोषण घटतं. दोन पर्याय होते :

एक, मात्रा १२५ करायची. हे लगेच होतं, पण गोळ्यांची वेळ नंतर आपोआप सुधारली तर मात्रा जास्त होते.

दोन, मात्रा १०० च ठेवून वेळ बदलायची आणि चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. यात जवळजवळ महिना जातो.

दुसरा पर्याय घेतला. टीएसएच १० च्या वर असता किंवा फ्री टी४ खाली गेला असता, तर वेळ आणि मात्रा दोन्ही एकदम बदलली असती. नवी वेळ अशी ठरली : पहाटे उठल्यावर साध्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने चहा, कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर, लोह संध्याकाळी चारला. थायरॉक्सिन आणि लोह-कॅल्शियम यांत किमान चार तास. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नकोत. आशाताईने हे कन्नड आणि मराठीत लिहून कार्डाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं. आणखी एक बारीक गोष्ट : त्या भागात पावसाळ्यात भिंतीही घाम गाळतात. शंभर गोळ्यांची बाटली चुलीजवळच्या फळीवर झाकण सैल ठेवून होती. ती घट्ट झाकणासह कपाटात गेली.

३५व्या आठवड्यात टीएसएच २.४.

बाळाचं वजन या काही आठवड्यांमुळे कमी भरलं का, असं घरच्यांनी विचारलं. इतक्या थोड्या आणि माफक वाढीवर तेवढा दोष टाकता येत नाही. वाढलेला रक्तदाब आणि अपुरे दिवस हे जवळचं कारण. पण ‘काहीच संबंध नाही’ असंही डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि ते योग्य केलं.

निर्णयाचा दुसरा टप्पा : बाळाचं काय तपासायचं

बाळाच्या अँटी-टीपीओची तपासणी नाकारली. आईची ही प्रतिपिंडं वारेतून बाळात जातात, साधारण सहा महिन्यांत ओसरतात आणि बाळाच्या ग्रंथीचं सहसा काही बिघडवत नाहीत. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ येणारच होती, पण ती प्रतिपिंडं आईची असती. तो कागद घेऊन हे कुटुंब वर्षभर दवाखाने फिरलं असतं. आईला ग्रेव्हज (प्रतिपिंडांमुळे थायरॉइड अति चालण्याचा आजार) असता, आत्ता किंवा पूर्वी, तर टीएसएच-ग्राहकावरची प्रतिपिंडं गरोदरपणातच तपासावी लागली असती. ती बाळाच्या ग्रंथीला खरोखर चेतवतात.

तरीही ‘काहीच नको’ हे उत्तर चुकीचं ठरलं असतं. जन्मवजनाचा थायरॉइडशी ठोस, कामाचा संबंध आहे तो इथे, जन्मजात थायरॉइड-कमतरतेच्या चाचणीत. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळात मेंदूकडून थायरॉइडला जाणारा इशारा उशिरा जागा होतो. पहिल्या चाचणीत टीएसएच ठीक दिसून नंतर चढू शकतो. म्हणून अशा बाळांची चाचणी दोनदा : पहिली ४८ ते ७२ तासांत टाचेच्या रक्ताची, दुसरी दोन ते चार आठवड्यांनी.

पहिला अहवाल ‘७’ आला आणि दवाखान्यातच गोंधळ झाला. एका कागदावर मर्यादा २० होती, दुसऱ्यावर ९. वाळलेल्या रक्ताच्या थेंबावरचा आकडा काही प्रयोगशाळा पूर्ण रक्ताच्या एककात देतात, काही सीरमच्या. पूर्ण रक्ताच्या आकड्याला २.२ ने गुणलं की सीरमचा अंदाज येतो. पूर्ण रक्तातले ७ म्हणजे सीरममधले साधारण १५, ४८ तासांनंतरच्या २० च्या मर्यादेत. अहवालावर एकक वाचल्याशिवाय पालकांना आकडा सांगू नये. तिसऱ्या आठवड्यात शिरेतून घेतलेल्या रक्तात टीएसएच ४.६, फ्री टी४ उत्तम. बाळाचा थायरॉइडचा विषय तिथे संपला. पुढे वजन-उंचीचा आलेख, लसी आणि अंगावरचं दूध. आईच्या थायरॉक्सिनमुळे दूध बंद करायचं कारण नाही.

निर्णयाचा तिसरा टप्पा : केसांची गोळी

प्रसूतीनंतर मात्रा पुन्हा ७५ केली. सहाव्या आठवड्यात टीएसएच २.६. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. बाळंतपणानंतर असं होतंच, पण पहिला संशय थायरॉइडवर गेला. या वेळी टीएसएच ०.२ आणि फ्री टी४ वर. सरळ वाचलं तर मात्रा जास्त झाली, ५० करा. किंवा प्रसूतीनंतरचा थायरॉइड-दाह, ज्यात आधी हार्मोन सांडून वाढतं आणि मग घटतं. टीपीओ प्रतिपिंडं असलेल्यांत तो नेहमीचा, आणि वेळही तीच.

मात्रेला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला गेला : सध्या दुसरं काय घेता? औषधाच्या दुकानातून आणलेली केसांची गोळी, बायोटिन १० मिलिग्रॅम. टीएसएच मोजण्याच्या अनेक यंत्रांत बायोटिनवर आधारलेली जोडणी असते. रक्तात बायोटिन जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटा जास्त येतो. अहवाल अगदी ग्रेव्हजसारखा दिसतो. तीन दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं. टीएसएच २.९. मात्रा होती तीच राहिली. धडधड नव्हती, वजन उतरलं नव्हतं, हात थरथरत नव्हते. अहवाल आणि माणूस जुळत नव्हते, हाच खरा इशारा होता.

थोरली आणि आजी

थोरलीला तक्रार काहीच नव्हती. बहिणीला हाशिमोटो आहे एवढं कारण टीएसएच करायला पुरेसं होतं. जन्मवजनाचा त्यात संबंध नव्हता. टीएसएच ३.४, अँटी-टीपीओ २१०. म्हणजे ‘चांगली’ जन्मलेली बहीणही त्याच वाटेवर होती. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, पण घरातली कहाणी तिने मोडली.

तिला गोळी सुरू करावी का, यावर दोन मतं झाली. इंग्लंडमधल्या व्हिकहॅमच्या वीस वर्षांच्या पाहणीत, नुसती प्रतिपिंडं असलेल्या बायकांत दरवर्षी सुमारे २.१ टक्क्यांचा थायरॉइड पूर्ण मंदावला. टीएसएचही वाढलेला असेल तर ४.३ टक्के. टीएसएच नॉर्मल असताना गोळीने प्रतिपिंडं जात नाहीत. गर्भधारणेच्या आशेने अशा बायकांना थायरॉक्सिन देऊन पाहिलं, तेव्हा जिवंत बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही, हेही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीतून समोर आलं. थोरलीला गोळी दिली नाही. वर्षातून एकदा टीएसएच, आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच महिन्यात.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की ‘मूठभर’ सांगणाऱ्या आजीचं स्वतःचं रक्त कधीच तपासलेलं नाही. वय ५७. पाय सुजतात, बद्धकोष्ठ, ऐकू कमी येतं, आवाज जड. गळ्याशी लहानशी, टणक, खडबडीत सूज, जी तिच्या मते ‘पहिल्यापासूनची’. टीएसएच १४.२, अँटी-टीपीओ बरंच वाढलेलं. ईसीजी काढून २५ मायक्रोग्रॅमने सुरुवात केली, सहा आठवड्यांनी ५०. तीन महिन्यांनी टीएसएच ३.८.

जुळ्या पोटात असताना तिचा थायरॉइड कसा होता हे आता कळण्याचा मार्ग नाही. पण लेकींनी उचललं ते हलकं वजन नसून आईचा वारसा असण्याची शक्यता कितीतरी अधिक.

वेगळं काय करता आलं असतं

‘जन्मवजन कमी’ ही केस-पेपरवरची नोंद फुकट जायला नको होती. थायरॉइडसाठी तिचा उपयोग नाही, मधुमेह आणि रक्तदाबासाठी आहे. पुण्याजवळच्या गावांत के.ई.एम. रुग्णालयाने केलेल्या आणि म्हैसूरच्या जुन्या प्रसूती-नोंदींवर झालेल्या कामातून हा धागा आपल्याकडेही अभ्यासला गेला आहे. धाकटीची गरोदरपणातली साखर तपासली गेली, तीही सगळ्यांची तपासतात म्हणून. आता दोघी बहिणींची साखर आणि रक्तदाब दरवर्षी पाहायचं ठरलं आहे.

धाकटीचं अँटी-टीपीओ दोन वर्षांत तीनदा झालं. ६४० चे ५१० झाले म्हणून घरात आनंद, ७०० झाले म्हणून काळजी. एकदा निदान झाल्यावर हा आकडा पुन्हा मोजून काही कळत नाही.

माहेरी जाताना कागद बदलतो हे सीमाभागात ठरलेलंच आहे. नव्या कार्डावर चार गोष्टी उतरायला हव्या होत्या : औषध, मात्रा, घेण्याची वेळ, शेवटच्या टीएसएचचा आकडा आणि तारीख. आता तालुक्यात आशाताई सासरच्या कार्डाचा मोबाइलवर फोटो मागवून घेतात.

आणि दोन वर्षांपूर्वी, निदानाच्या दिवशी, आजी त्याच खोलीत, लेकीशेजारच्या बाकावर बसली होती. मान उघडीच होती. डॉक्टरांनी तिच्याकडून लेकीच्या वजनाचा आकडा लिहून घेतला आणि तिच्या गळ्याकडे पाहिलं नाही.